समुद्र उजव्या हाताला ठेवून

मढच्या धक्क्यावर वर्सोव्याच्या फेरीबोटीची वाट बघत उभे असताना, नुकतेच खासगी वैमानिकाचे लायसन्स मिळवलेला एक तरुण मला म्हणाला, "काका, गोव्याला जायला प्लॅनिंग कसलं? समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि सुटायचं. रस्ता चुकणं शक्यच नाही. इंजिन बंद पडलंच, तर खाली अख्खी पुळण आहे." मुलगा हुशार आहे, अभ्यासू आहे, आणि तो बोलला ते त्याचे एकट्याचे नाही. छोट्या विमानांच्या दुनियेत ही समजूत मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. किनारा सोबतीला असला की उड्डाण सोपे, आराखडा नावापुरता. त्या दिवशी बोट लागली आणि बोलणे अर्धवट राहिले. ते इथे पूर्ण करतो, कारण ही समजूत माणसे मारते.

सुरुवात "रस्ता चुकणं शक्य नाही" इथपासून करू. ते खरे आहे. जुहूहून निघालास, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, रत्नागिरी, विजयदुर्ग असा खाली उतरत गेलास, तर कुठे आहोत हे तुला कळत राहील. पण छोट्या विमानाच्या अपघातांत "आपण कुठे आहोत" हा प्रश्न क्वचितच जीव घेतो. जीव घेतात ते दुसरे प्रश्न. विमान सरळ आहे की कलले आहे? पुढे दिसते आहे का? मागे फिरायची वेळ टळली का? त्यांची उत्तरे किनाऱ्याची रेघ देत नाही. हातातला टॅब्लेट आणि त्यावरचा निळा ठिपकाही देत नाही.

मार्चमधल्या एखाद्या दुपारी एरंगळच्या पुळणीवर उभा राहा आणि पश्चिमेकडे बघ. आकाश पांढुरके, पाणी पांढुरके, आणि दोघांमध्ये रेघ नाही. मासेमारीच्या होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसतात. मढच्या माणसाला हे नवे नाही. हिवाळा सरला की पाऊस येईपर्यंत कितीतरी दिवस असेच असतात. जमिनीवर उभ्या माणसाचे त्यात काही बिघडत नाही, कारण पायाखाली वाळू आहे. हजार फुटांवर खिडकीतून अर्धे जग असे पांढरे झाले की कान आणि डोळे वेगवेगळे सांगू लागतात. विमान हळूहळू कलते, अंगाला मात्र ते सरळच वाटते. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा याचा अर्थ हाच की, तुझ्या उजव्या खिडकीतून क्षितिज गायब असणार आहे. बरे, कायद्याने दिवसा नजरेच्या भरवशावर उडायला कमी उंचीवर पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. 105 नॉटच्या वेगाने पाच किलोमीटर म्हणजे जेमतेम दीड मिनिट. कायदा पाळूनही तुला पुढचे दीडच मिनिट दिसत असते.

याच किनाऱ्याने हे एकदा फार मोठ्या किमतीला शिकवले आहे. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. 213 माणसे गेली. कॅप्टनसमोरचे, विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते, आणि बाहेर काळ्या समुद्रावर त्याला खोटे पाडणारे क्षितिज नव्हते. कॉकपिटमध्ये तीन जण होते आणि कॅप्टनच्या पाठीशी हजारो तासांचे उड्डाण होते. तू म्हणशील, ते रात्रीचे, मी दिवसा जाणार. पण दिवस हातातून कसा निसटतो, त्यासाठी 16 जुलै 1999 चे उदाहरण घे. धाकटा जॉन केनेडी आपले छोटे विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाला. कनेक्टिकटच्या किनाऱ्याने तो व्यवस्थित गेला. पुढे किनारा सोडून बेटाकडे जाणारा सुमारे तीस मैलांचा पाण्यावरचा टप्पा होता. संध्याकाळ सरलेली, हवेत धुरके. तपास यंत्रणेने कारण दिले ते दिशाभ्रमाचे. विमान चालवता येत होते, रस्ता माहीत होता, किनारा सोबतीला होता. किनारा संपला तिथे काय करायचे आणि अंधार पडू लागला तर कुठे थांबायचे, हा निर्णय जमिनीवर असताना घ्यायचा असतो. कोकणातही किनारा असा जागोजागी संपतो. रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्यांच्या तोंडाशी रेघ तुटते, आणि माणूस नकळत पलीकडचे टोक गाठायला सरळ पाण्यावरून कापतो. शिवाय दुपारी मुंबईत झालेला एक तासाचा उशीर संध्याकाळी गोव्याजवळ सूर्यास्ताशी येऊन भिडतो.

आता जेआरडी टाटांकडे येतो, कारण त्या मुलाने आणि त्याच्याआधी कित्येकांनी त्यांचाच दाखला दिला. "1932 साली रेडिओ नव्हता, हवामान खात्याचे अंदाज नव्हते, तरी ते कराचीहून जुहूला आले की!" आले, नक्की आले. 15 ऑक्टोबर 1932 ला पस मॉथ विमानातून पंचवीसेक किलो टपाल घेऊन ते सकाळी कराचीहून निघाले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूच्या मातीवर उतरले. पण नकाशा उघड आणि त्यांचा मार्ग बोटाने काढ. ते द्वारका, पोरबंदर, वेरावळ, दीव असे समुद्र उजव्या हाताला ठेवून आले नाहीत. कच्छचे रण ओलांडून ते अहमदाबादला गेले. तिथे बर्मा शेलने बैलगाडीतून आणवलेले पेट्रोल डब्यांनी टाकीत ओतले, आणि मग मुंबई. जुहूहून पुढची सूत्रे नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी घेतली. तेही कोकण किनाऱ्याने उतरले नाहीत. घाट ओलांडून बेल्लारी, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी मद्रास. ज्या उड्डाणाला आपण किनाऱ्याच्या मुक्त भटकंतीचा पुरावा मानतो, त्याने किनारा टाळला होता. पेट्रोल कुठे, कोण, कशातून आणणार, हे ठरवून मगच मार्ग आखला होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जायचे. टाटांची माणसे "बघू, जमेल" म्हणत तिथेच बसली नाहीत. विमाने, वैमानिक, मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवून त्यांनी तिथून टपाल चालवले. वक्तशीरपणाबद्दल त्या सेवेचे सरकारी अहवालात कौतुक झाले. ते धाडसाचे फळ नव्हते, नियोजनाचे होते. मुंबई ते त्रिवेंद्रम अशी किनाऱ्याने जाणारी सेवा त्यांनी 1935 मध्ये काढली, म्हणजे तीन वर्षांचा अनुभव गाठीशी बांधल्यावर. त्याआधीची एक गोष्ट. 1930 च्या भारत-इंग्लंड उड्डाणाच्या आगाखान स्पर्धेत जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि अस्पी इंजिनियर उलट दिशेने येत होते. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. इंजिनियर स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग दिले, आणि बक्षीस इंजिनियरांनी जिंकले. ही गोष्ट खिलाडूपणाची म्हणून सांगतात, ती तशी आहेच. मला मात्र नेहमी वाटते, प्रतिस्पर्ध्याला द्यायला जादा प्लग जवळ असणे हीच खरी शिकवण. कुणीतरी निघण्याआधी बसून यादी केली होती.

आपल्याच उपनगरातले ताजे उदाहरण आरोही पंडितचे आहे. बोरिवलीची ही मुलगी 2019 मध्ये पिपिस्ट्रेल बनावटीच्या चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून गेली. हलक्या क्रीडा विमानांच्या (एलएसए) गटातल्या विमानातून असे करणारी ती पहिली महिला. 15 ऑक्टोबर 2021 ला जेआरडींच्या उड्डाणाची आठवण म्हणून ती भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आली. "बघा, एवढ्याशा विमानातून!" असे लोक म्हणतात. तिचा अटलांटिकवरचा मार्ग बघा. स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा. सरळ रेघ नाही, पाण्यावरचा प्रत्येक टप्पा शक्य तितका लहान केलेला. हवा मिळेपर्यंत थांबायचे, मिळाली की निघायचे. तिच्या विमानाचे इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते, म्हणून इंधनाचे गणितही वेगळे. तिचे नाव घेऊन आराखडा टाळणे हा तिच्या कष्टांचा अपमान आहे.

आता पुळण. "इंजिन बंद पडलं तर खाली अख्खी पुळण आहे" हे वाक्य ऐकले की माझ्या पोटात खड्डा पडतो. साधे चार जणांचे सेस्ना 172 घेऊ. इंजिन थांबल्यावर ते एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. हजार फुटांवर असलास, तर वारा नसताना हाताशी पावणेतीन किलोमीटर. त्यातले काहीशे फूट काय झाले ते कळेपर्यंत आणि विमान वळवेपर्यंत संपतात. हौशी वैमानिक किनाऱ्याने उडताना हजार-दीड हजारावरच राहतात, कारण तिथून गाव छान दिसते. तीन हजारांवर गेलास तर आठ किलोमीटर मिळतात. आराखड्यातला उंचीचा आकडा म्हणजे असे विकत घेतलेले किलोमीटर आणि मिनिटे.

बरे, पुळणीपर्यंत पोचलास. कोणत्या वेळेची पुळण? उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. आक्शाची किंवा एरंगळची जी पुळण ओहोटीला मैदानासारखी दिसते, ती भरतीला सुरूच्या झाडांपाशी एका पट्ट्याइतकी उरते. उरते तीही कोरडी, भुसभुशीत वाळू, ज्यात चाक रुतले की विमान नाकावर उलटते. घट्ट ओली वाळू पाण्याखाली गेलेली असते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते. म्हणजे मागच्या रविवारी पाहिलेली पुळण या रविवारी त्याच वेळी तिथे नसते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक सोबत घेतलेला खासगी वैमानिक मला आजवर एकच भेटला. आणि वारा? कोकणातल्या पुळणी बहुतेक उत्तर-दक्षिण पसरलेल्या, दुपारचे खारे वारे पश्चिमेचे किंवा वायव्येचे. म्हणजे वारा आडवाच येणार. या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा सिद्ध केलेला आकडा 15 नॉट आहे, तोही पक्क्या धावपट्टीवर. मे महिन्यातल्या दुपारी त्याच्या आसपासचा वारा सहज असतो. शेवटचे सांगतो ते मनापासून. रविवारी आक्शाच्या पुळणीवर पोरे खेळत असतात. त्यांना विमानाचा आवाज येणार नाही, कारण इंजिन बंद असेल. ती पुळण तुझी धावपट्टी आहे असे तू कुणाला विचारून ठरवलेस?

म्हणून पाण्यात उतरण्याची तयारी आधी करायची आणि पुळण मिळाली तर नशीब समजायचे. लाइफ जॅकेट मागच्या सीटखाली नको, अंगात हवे. ज्याची चाके पोटात घेता येत नाहीत असे विमान पाण्यावर टेकताच बहुधा उलटते, आणि उलट्या, पाण्याने भरत्या केबिनमध्ये सीटखाली हात घालून जॅकेट शोधता येत नाही. ते हवेने भरायचे मात्र बाहेर पडल्यावरच. पाण्यावर टेकण्याआधी दार किंचित उघडून अडकवायचे, लाटांच्या आडवे न जाता त्यांना समांतर उतरायचे. ही सगळी वाक्ये सोबत येणाऱ्यांना आधी, धक्क्यावर असतो तशा निवांतपणे, सांगून ठेवायची. ज्यांना तू गोव्याची सहल म्हणून बोलावतोस त्यांना हे ऐकण्याचा हक्क आहे.

इंधनाबद्दल थोडक्यात, पण आकड्यांनी. मुंबई ते गोव्याचा दाभोळी विमानतळ हे सरळ अंतर साधारण 230 सागरी मैल. वारा नसेल तर 105 नॉटने दोन तास दहा-बारा मिनिटे. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा असतो. तो 20 नॉटचा आणि सगळा पाठीवर आला असे धरले, तर जाताना एक तास पन्नास मिनिटे. तोच परतताना नाकावर घेतलास तर दोन तास बेचाळीस मिनिटे. जाण्या-येण्यात पन्नास मिनिटांचा फरक, आणि दिवसा राखीव इंधन ठेवायचा किमान नियम तीस मिनिटांचा. आणि ही सरळ रेघ आहे. किनाऱ्याचा प्रत्येक वळसा, प्रत्येक खाडी धरलीस तर अंतर आणखी वाढते. "वाटेत भरू" म्हणशील, तर कुठे? रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यात. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, पण प्रवासी जेट विमानांचे केरोसीन तुझ्या पेट्रोल इंजिनाला चालत नाही. एव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, कुठे, कोणत्या दिवशी, किती मिळेल, हे फोन करून, नाव विचारून, लिहून घेतल्याशिवाय ते मिळणार असे धरता येत नाही. आणि दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्यास की या विमानात माणसे आणि सामान मिळून साधारण अडीचशे किलोच उरतात. म्हणजे तीन माणसे. चौथ्या मित्राला "नाही" म्हणणे हाही नियोजनाचाच भाग आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत अवघड.

परवानग्यांवर त्या मुलाचा राग होता, आणि तिथे मी थोडा त्याच्या बाजूने आहे. एका साध्या उड्डाणासाठी किती फोन, किती नंबर, किती वाट बघणे! हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स नंबर वेगळा, उड्डाण माहिती केंद्राचा वेगळा, प्रत्येक विमानतळाची आधी परवानगी वेगळी. हे सुटसुटीत व्हायला हवे, आणि तसे झाले तर जास्त लोक नियमाने उडतील. पण त्यातून "नियमच निरर्थक" हा निष्कर्ष निघत नाही. तू ज्या गावात बोटीची वाट बघत होतास त्या मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, शेजारी मार्व्याला नौदलाचे 'आयएनएस हमला' आहे. सांताक्रूझला वायव्येकडून उतरणारी मोठी विमाने वर्सोवा-मढच्या डोक्यावरून जातात. जुहूहून तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरे सुटतात. पुढे कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र, शेवटी दाभोळी, जिथे धावपट्टी नौदलाची आहे आणि आठवड्यातल्या सकाळचे काही तास नौदलाचे. नोव्हेंबर 2008 मध्ये दहा माणसे याच समुद्रातून मुंबईत शिरली. कमी उंचीवरून किनाऱ्याने येणारे अनोळखी विमान बघणाऱ्याला काय वाटावे? आणि उड्डाण आराखडा केवळ परवानगीचा कागद नाही. त्यावर लिहिलेल्या वेळेला तू पोचला नाहीस, तर शोध तिथूनच सुरू होतो. तो कागद नसेल, तर तू हरवला आहेस हेच कुणाला कळत नाही.

राहिला त्याचा शेवटचा मुद्दा, की किनारा म्हणजे हमरस्ता, कुठूनही बाहेर पडता येते. कोकणात नेमके उलटे आहे. पश्चिमेला समुद्र. पूर्वेला सह्याद्रीची हजार मीटर आणि त्याहून उंच भिंत, तीवर ढग उतरले की कराड, कोल्हापूर, बेळगावचे दरवाजे बंद. उरतात दोनच दिशा, पुढे आणि मागे. हा हमरस्ता नाही, दोन्ही बाजूंनी बंद असलेली लांबलचक गल्ली आहे. गल्लीत शिरताना दुसऱ्या तोंडाशी काय चालले आहे हे आधी कळले पाहिजे. आणि कोणत्या ठिकाणापर्यंत मागे फिरणे शक्य आहे, हे घड्याळाच्या काट्यासह लिहिलेले पाहिजे.

आमच्या मढच्या एका तांडेलाला मी हे सगळे सांगितले. आयुष्य समुद्रावर गेलेला माणूस. तो म्हणाला, बोट खोल पाण्यात फुटत नाही, किनाऱ्याला येऊन फुटते. त्याला किनारा दिसणे हा दिलासा नसतो, सावध होण्याची खूण असते. भरतीची वेळ, मतलई वारा कधी सुटणार, बर्फ किती, डिझेल किती, कोणत्या दोन खुणा एका रेषेत आल्या की वळायचे, हे सगळे ठरल्यावर बोट धक्का सोडते. जून-जुलैचे एकसष्ट दिवस ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

त्या मुलाने उडू नये असे मला अजिबात वाटत नाही. हजार-दोन हजारांवरून पाहिलेला हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि मुरूडचा जंजिरा हे आयुष्यभर पुरणारे दृश्य आहे, आणि ते त्याला मिळावे अशी माझी इच्छा आहे. तो पुन्हा धक्क्यावर भेटेल तेव्हा मला त्याचा कागद बघायचा आहे. नकाशा नको, निळा ठिपका नको. हरिहरेश्वर मागे पडले, बाणकोटची खाडी खाली आहे, पुढे केळशीवर ढग उतरलेले दिसतात, पूर्वेला घाट झाकला आहे. त्या जागी तो किती वाजता असेल, टाकीत किती लिटर असतील, खाली भरती असेल की ओहोटी, आणि किती वाजून किती मिनिटांनी तो विमान वळवेल? ही चार उत्तरे त्याच्या कागदावर आधीच लिहिलेली असतील, तर मागच्या सीटवर मी बसतो, लाइफ जॅकेट अंगात घालून.